मालकाची बाजू

कुंपणवाला तिसऱ्यांदा आला, तेव्हा मावशीच्या समुद्राकाठच्या घराचं कुंपण पुन्हा उलटं झालं होतं.

त्याच्या धंद्यात साधा नियम होता. फळ्यांची गुळगुळीत बाजू परक्याकडे, आडव्या पट्ट्या आणि फाटकाची कडी मालकाकडे. दोन्ही वेळा त्याने तसंच ठोकलं होतं. आता मात्र पट्ट्या आणि कडी समुद्राच्या बाजूला होत्या. फळी एकही फुटली नव्हती, खिळेही त्याचेच होते.

“कुणीतरी थट्टा करतंय, मावशी,” तो म्हणाला. “पुन्हा फिरवतो.”

“फिरवू नकोस.” मावशी त्या घरात एकटीच राहायची, आणि हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. “पट्ट्या मालकाकडे ना? मग मालकीणच पट्ट्यांकडे जाईल. बघू कोण काय करतं ते.”

भर दुपारी तिने खुर्ची उचलली, फाटकाबाहेर वाळूत मांडली आणि कुंपणाला पाठ लावून बसली. तो हातोडी घेऊन शेजारी उभा राहिला. समोर ओहोटीचं पाणी लांब गेलं होतं.

थोड्या वेळाने मागे कडी सरकल्याचा आवाज आला.

त्याने वळून पाहिलं. मावशीच्या पाठीशी नुसत्या गुळगुळीत फळ्या होत्या. पट्टी नव्हती, कडी नव्हती. कडी आतून लागली होती.

मावशीने मागे पाहिलंच नाही. फक्त हात पुढे केला.

“हातोडी दे इकडे,” ती म्हणाली. “मला परकी ठरवणारा अजून जन्माला यायचाय.”