ओट्यावरची जागा

पीठ मळायच्या मिक्सरच्या आकड्याचं टोक आणि भांड्याचा तळ यांच्यामधून बसचं तिकीट जेमतेम सरकत होतं. बघूने ते एका बाजूने आत घातलं, दुसऱ्या बाजूने हलकेच ओढून घेतलं आणि उजेडात धरून पाहिलं. तिकिटावर ओरखडा नव्हता.

"अंतर बरोबर आहे," तो म्हणाला. "आता मोटर बघू."

त्याचं खरं नाव वेगळं होतं. पण काहीही विचारलं की तो 'बघू' म्हणायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला बघूच म्हणत. वजनमापं तपासणारा निरीक्षक तो. पहिल्यांदा मिक्सरच्या या दुकानात आला तेव्हा मालकाचं धाबं दणाणलं होतं. आता तो दारात दिसला की मालक मागच्या खोलीत जेवायला बसायचा आणि सेल्समनला पुढे करायचा.

"वहिनी, घाला पीठ," सेल्समन म्हणाला.

"त्या वहिनी नाहीत," बघू म्हणाला. हे तो दर वेळी सांगायचा.

त्याच्याबरोबर आलेल्या मैत्रिणीने डबा उघडला आणि पावाच्या पिठाचा गोळा भांड्यात सोडला. ती घरी पाव आणि केक करून विकायची. मळून मळून तिचं उजवं मनगट दुखावलं होतं. हाताने मळणं बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं, त्या दिवसापासून बघूने मिक्सर शोधायचं मनावर घेतलं होतं. शोधात काही कसर नव्हती. आकडा फिरवणारा, भांडं फिरवणारा, दोन्ही फिरवणारा, सगळे प्रकार त्याने पालथे घातले होते. मनगट तेवढं अजून दुखत होतं.

दोघांची मैत्री इतकी जुनी की नातेवाइकांनी चिडवणंसुद्धा सोडून दिलं होतं. ती भावाकडे राहायची. ती घरी परतली की भाऊ विचारायचा, "काय मग, ठरलं का काही?"

"मोटर ठरली," ती सांगायची. "भांडं राहिलंय."

अडचण खरी ओट्याची होती. वहिनीने तिला स्वच्छ सांगितलं होतं, "वन्सं, राग मानू नका, पण आपल्या ओट्यावर ते धूड राहील, नाहीतर मी राहीन." तिने हे बघूच्या कानावर घातलं. मुद्दाम, त्याच्याच स्वयंपाकघरात उभं राहून. तिथला ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. एक चहाचं भांडं आणि एक गाळणं, बस. बघूने सगळं नीट ऐकून घेतलं, टेप काढली, दुसऱ्या दिवशी तिच्या भावाकडे जाऊन तिथला ओटा मापला आणि अरुंद बैठकीचे मिक्सर शोधायला लागला.

स्वतःच्या ओट्यावर मात्र त्याने मोठ्या यंत्राला लागतो तसा, जाड पिनांच्या प्लगचा नवा सॉकेट बसवून घेतला होता. कशासाठी, ते त्याने इलेक्ट्रिशियनलाही सांगितलं नव्हतं.

मिक्सर घरघरला. गोळा आकड्यावर चढला, खाली आला, पुन्हा चढला. बघूने मोटरवर तळहात ठेवला.

"तापतेय," तो म्हणाला. "फार नाही. पण तापतेय."

"साहेब, माणूससुद्धा तापतो," सेल्समन म्हणाला.

"बैठक किती रुंद आहे याची?"

"मॅडमच्या दादांच्या ओट्यावर बसेल, साहेब. मला पाठ झालाय तो ओटा."

"बसणार नाही," ती म्हणाली. "वहिनीने काल तिथे पाण्याचा फिल्टर बसवला."

बघू विचारात पडला. ती त्याच्याकडे बघत राहिली. आता तरी, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. त्याला ते दिसलं. घशाशी एक वाक्य आलं. तेच वाक्य, जे रोज सकाळी दाढी करताना यायचं. त्याने ते दोन्ही बाजूंनी तपासलं. ती नाही म्हणाली तर? ही मैत्रीही गेली तर? आहे ते काय वाईट आहे?

"मग याहून लहान बघू," तो म्हणाला.

"याहून लहान म्हणजे चमचा," सेल्समन म्हणाला.

तिने भांड्यातलं पीठ काढून डब्यात भरलं, झाकण लावलं आणि ती दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे सगळ्यात मोठा मिक्सर होता. लोखंडी अंगाचा, रुंद बैठकीचा, बघूने पहिल्याच फेरीत बाद केलेला.

"हा द्या," ती म्हणाली.

"अगं, हा दादाच्या ओट्यावर मावेल का?"

"नाही मावणार."

"आणि वजन बघितलंस? रोज काढा, रोज ठेवा. तुझ्या मनगटाचं काय?"

"काढायचा नाही, ठेवायचा नाही. एकदा ठेवला की तिथेच."

"तिथेच म्हणजे कुठे?"

मालक तोंड पुसत मागच्या खोलीतून बाहेर आला आणि विश्वास न बसल्यासारखा दारातच थबकला. सेल्समनने पेन काढलं, बघू मध्ये पडायच्या आत.

"कुठे पोचवायचा, मॅडम?"

"चौथा मजला," बिल्डिंगचं नाव सांगून ती म्हणाली. "लिफ्टच्या समोरचं दार."

"एक मिनिट," बघू म्हणाला. कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला होता. "अगं, हा पत्ता तर माझा आहे."

सेल्समनचं पेन थांबलं. त्याने एकदा बघूकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"नक्की सांगा, मॅडम. म्हणजे घर कोणाचं?"

ती बघूकडे वळली. बघू उभा होता तसाच उभा होता. 'बघू' म्हणाला नाही.

"आमचं," तिने सेल्समनला सांगितलं.