तांदळातलं नाव

"चैताली संतोष," कंपाउंडर सोमाने दारातून पुन्हा पुन्हा पुकारलं तरी बाकावरून कुणी उठेना. शेवटी सिंधुबाईंनी शेजारी बसलेल्या सुनेला कोपराने ढोसलं, तेव्हा ती दचकून उभी राहिली.

आत येता येताच सिंधुबाईंनी डॉक्टरांना सांगून टाकलं, की उन्हाळ्यात लग्न झालं, तांदळात लिहून नवं नाव ठेवलं, पण बाईसाहेबांच्या अजून अंगवळणी पडायचंय. घरीसुद्धा चार हाका माराव्या तेव्हा एक ऐकू जाते म्हणे. सून मान खाली घालून हसली. द्राक्षाची कात्री लागून तिचं बोट पिकलं होतं, टम्म फुगलं होतं, आणि अंगात ताप होता.

डॉक्टर प्रफुल्लनी संगणकात नाव घातलं. नवीन रुग्ण. अ‍ॅलर्जीच्या चौकटीत यंत्राने आपणहून 'नाही' लिहिलं. कुणी काही सांगेपर्यंत ते सगळ्यांनाच 'नाही' लिहितं. तरी डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का? सुनेने तोंड उघडायच्या आत सिंधुबाई बोलल्या, की छे हो, चांगली धडधाकट बघूनच केलीय.

या संगणकावरून पिंपळगावात डॉक्टरांची चेष्टा व्हायची. आधी नाडी बघायचे, आता पडदा बघतात, म्हणायचे लोक. डॉक्टर हसून सोडून देत. संगणक का घेतला, हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

घेतला होता तो राखीमुळे. कागदाच्या दिवसांतली गोष्ट. सिन्नरकडून सावळीराम नावाचा माणूस हंगामात द्राक्षाचे क्रेट भरायला आला होता, त्याची ही पोर. घसा सुजलेला. दवाखान्यात मरणाची गर्दी. चाचणीपुरतं टोचून बघायचं सोडून डॉक्टरांनी सरळ पेनिसिलिनचं अख्खं इंजेक्शन दिलं. पोरीचा चेहरा सुजला, ओठ निळे पडले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. जीपमध्ये घालून तिला नाशिकला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सावळीरामच्या खोलीला कुलूप. चौकशी केली असती तर कळलं असतं, पण डॉक्टर धजले नाहीत. तो श्वास मात्र त्यांना अजून ऐकू यायचा. दवाखाना रिकामा झाला की हमखास यायचा.

संगणक आला तेव्हा पहिली नोंद त्यांनी तिचीच केली. पेनिसिलिनपुढे लाल खूण केली. मग यंत्राने विचारलं, रुग्ण हयात की मृत? 'माहीत नाही' अशी चौकटच नव्हती. शेवटी डॉक्टरांनी 'मृत' दाबलं. पुढे अशाच लाल खुणांनी गावातले कितीतरी जीव वाचवले. डॉक्टरांची झोप काही परत आली नाही.

आज लाल खूण नव्हती. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्याच घराण्यातल्या कॅप्सूल लिहिल्या.

सुई तर नाही ना, सुनेने एवढ्याशा आवाजात विचारलं. सिंधुबाईंना हसू फुटलं. दिवसभर कात्री चालवती आन् सुईला भिती, म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसमधून मुलाचा, संतोषचा होता. आत नीट ऐकू येईना म्हणून त्या बाहेर गेल्या.

डॉक्टरांचा हात थांबला होता. सुईची ही भीती त्यांना बरी वाटेना.

"लग्नाआधी काय नाव होतं गं तुझं?"

"राखी."

एका नावाच्या शंभर पोरी असतात, डॉक्टरांनी स्वतःला बजावलं. तरी वडिलांचं नाव विचारलंच. सावळीराम, ती म्हणाली. मग दाराकडे बघत बघत भराभर बोलली. लहानपणी इथंच सुई घेऊन बेशुद्ध पडली होती, नाशिकला लय दिवस काढले होते. आईने शपथ घातली होती, सासरी चकार शब्द काढायचा नाही. खोट असलेली पोर गळ्यात मारली म्हणतील आणि माघारी धाडतील.

डॉक्टरांच्या डोळ्यांना धार लागली. पोरगी जिवंत होती, समोर बसली होती, बोट दुखतंय म्हणून विव्हळत होती! त्यांनी कॅप्सूल खोडल्या, दुसरं औषध लिहिलं आणि जुनी नोंद उघडली. पडद्यावर आलं: रुग्ण मृत आहे. बदल करून चैतालीच्या नोंदीला जोडायचं? जोडलं की पेनिसिलिनची लाल ओळ तिच्या प्रत्येक कागदावर छापून येणार होती.

तिनेही ते वाचलं.

"ऱ्हाऊ द्या मेलेली," ती म्हणाली. "घरी कागद समदे बघत्यात."

डॉक्टरांनी समजावलं, की उद्या दुसऱ्या कुणी नकळत तेच औषध दिलं तर वाचायची नाहीस. तिने हात जोडले. डॉक्टरांच्या कानात तो शिट्टीचा श्वास सुरू झाला होता. त्यांनी 'हो' दाबलं.

कागद बाहेर आला तेव्हा सिंधुबाई दारात होत्या. वाचता येत नसलं तरी लाल रंग त्यांना कळला. डॉक्टर घाईघाईने सांगू लागले, की हा रोग नाही, एक औषध तेवढं चालत नाही, लहानपणी कळलं ते बरंच झालं. सिंधुबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तिच्या माहेरी ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. संतोषला दाखवते, म्हणत त्यांनी कागदाची घडी पिशवीत टाकली आणि सुनेची वाट न बघता चालू लागल्या.

सून सावकाश उठली. डोक्यावरचा पदर नीट केला.

"राखी जगली, डॉक्टर," ती म्हणाली. "आता चैताली नांदंल का?"