डावा पाय

रक्तवाहिन्यांची सर्जन बोडिल हिनं डेन्मार्कमधल्या जटलंडच्या एका इस्पितळात सगळ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे मधुमेहाचा डॉक्टर, जखमेची नर्स, आहारतज्ज्ञ आणि खास बूट बनवणारा कारागीर एका खोलीत, एकाच रुग्णाभोवती जमू लागले. पहिला रुग्ण म्हातारा थोरवाल्ड. मधुमेहापायी त्याचा डावा पाय मागेच कापला होता आणि उजव्याची जखमही चिघळली होती.

आज ती पूर्ण भरली. टाळ्या वाजल्या, केक कापला गेला. थोरवाल्ड मात्र नव्या गुलाबी कातडीवरून बोट फिरवत बसला होता.

"बोडिल, खरं सांग. डाव्याच्या वेळी तुम्ही असे एकत्र असता, तर तोही वाचला असता ना?"

'तसं काही सांगता येत नाही,' हे बोडिलच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"हो. बहुतेक वाचला असता."

थोरवाल्ड कुबड्या सावरत उठला, दार उघडून त्यानं हाक मारली, "सिग्ने, ये गं आत. ही माणसं खरं बोलतात."

मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "माझी धाकटी बहीण. टाच चिघळलीय, पण पाय अजून दोन्ही आहेत."