साठ पोती

"साहेब, तुम्ही इथंच उतरा. मी एकटा नेतो खाली." घाटमाथ्यावर ट्रक उभा करून एजिदिओ म्हणाला.

फाउस्तो उतरला नाही. कारखान्याचा रिवाजच होता: नव्या गाडीचे ब्रेक ज्याने बनवले, त्याने पहिल्या उतरणीला चालकाशेजारी बसायचं. या छोट्या ट्रकवर तीन वर्षं गेली होती आणि ब्रेक फाउस्तोचे होते. आज टिकले तर सोमवारपासून कारखान्यात या गाड्या बनवायला सुरुवात. नाही टिकले तर सगळं पाण्यात.

"घाबरलात की काय?" फाउस्तोने हसून विचारलं. हसणं नीट जमलं नाही.

"घाबरलोय," एजिदिओ म्हणाला. वीस वर्षं नव्या गाड्या याच घाटातून उतरवणारा माणूस! त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि गाडी सोडली.

वजनाची काळजी नव्हती. नियम दीड टनाचा, म्हणून पंचवीस किलोची वाळूची साठ पोती. सकाळी फाउस्तोने ती स्वतः मोजली होती. चढताना गाडीला धाप लागली, तेव्हा त्याने इंजिनवाल्यांच्या नावाने यथेच्छ बोटं मोडली होती. अर्ध्या वाटेत, जुन्या अपघाताची खूण म्हणून लोखंडी क्रूस असलेल्या वळणावर, एजिदिओ गाडी थांबवून दोन मिनिटं खाली उतरलाही होता. इंजिन थंड होऊ दे, म्हणाला.

पहिली दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याला जळका वास आला. चौथ्याला एजिदिओचा ब्रेकवरचा पाय पार तळापर्यंत गेला. त्याने खालचा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, पण वेग काही कमी होईना. डावीकडे नुसती दरी. तो क्रूस समोर आला, तशी फाउस्तोने दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली. त्याला मरायची भीती वाटत होती. आणि हे आपल्याच हातांनी केलंय, याची त्याहून जास्त.

"माझं चुकलंय!" तो ओरडला. "माझ्या ब्रेकचं चुकलंय, एजिदिओ!"

"गप्प बसा. धरून बसा."

वळण कसंबसं निघालं. त्यापुढची दोनही. पायथ्याच्या खानावळीच्या भिंतीपासून दोन वितींवर ट्रक थांबला. चाकांतून धूर निघत होता.

फाउस्तो उतरला आणि कडेला जाऊन ओकला. मग त्याने वही काढली. लिहायला घेतलं: ब्रेक नापास.

"थांबा, लिहू नका एवढ्यात." एजिदिओने मागची ताडपत्री ओढली आणि चारपाच पोती बाजूला लोटली. खाली पांढरा संगमरवर होता. लाद्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे... हे किती आहे?"

"दीड टन. वाळू धरून तीन. काल संध्याकाळी, पोत्यांच्या आधी भरलं मी."

फाउस्तोने त्याची कॉलर धरली. "अहो, मेलो असतो आपण! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"म्हणून तर उतरा म्हणत होतो." एजिदिओने कॉलर सोडवून घेतली नाही. "आमच्या खोऱ्यात दारावरचा वजनाचा आकडा वाचून कुणी माल भरत नाही, साहेब. गाडी हलते तोवर भरतात."

"मग अडीच भरायचे! साडेतीन भरायचे! बरोबर तीनच का?"

एजिदिओने वर, त्या वळणाकडे पाहिलं. क्रूसाला सकाळीच घातलेली पिवळी फुलं इथूनही दिसत होती.

"आपल्या कारखान्याच्या जुन्या गाडीत," तो म्हणाला, "माझ्या भावाने तेवढेच भरले होते."