दिनी की देनी

सकाळचा भोंगा व्हायला थोडाच वेळ होता. ताईबाईंनी नातवाला गिरणीच्या पाळणाघराच्या दारात पुढं केलं, आणि घ्यायला आलेले हात पाहून लगेच मागं ओढलं.

हात भिकुबाईचे होते.

"द्या ना अक्का. आजपाइन मीच शे आठे. जुनी दाई गयी तिना गावले."

नऊ वर्षांपूर्वी या पाळणाघराच्या दाई ताईबाईच होत्या. कामावर येणाऱ्या बाया लेकरांना अफूची बाळगोळी देत, ज्वारीच्या दाण्याएवढी. कुणी घरूनच देऊन येई, कुणी द्यायला दाईला सांगे. एका गोळीनं पोर दुपारपर्यंत निजे. दोन पडल्या, तर उठतच नसे.

त्या सकाळी भिकुबाईनं आपली सात महिन्यांची लेक सोपवली आणि म्हणाली, "गोयी दिनी शे." म्हणजे दिलेली आहे. तिची बोली वेगळी, ताईबाई नाशकाकडच्या. भोंग्याच्या गलक्यात त्यांना ऐकू आलं, "देनी शे." म्हणजे द्यायची आहे. फरक तो केवढा? पण संध्याकाळी पोर गार पडली होती.

कानाची चूक, असं सारी गिरणी म्हणाली. ताईबाई पोरीसाठी धाय मोकलून रडल्या, तिच्या नावानं सोळा सोमवार केले, काम सोडलं. भिकुबाईच्या नवऱ्यानं मात्र 'तुझ्या जिभेनंच लेक खाल्ली' म्हणून दुसरी बायको आणली.

त्यानंतर या बाईचं तोंड आज समोर येत होतं.

पण मागं फिरून चालणार नव्हतं. मुलगा वर्षापूर्वी तापानं गेलेला. सून प्रमिला आत सूतखात्यात उभी, आणि ताईबाईंच्या हाती वकिलांकडची चूल. बाळाला घरी बघणार कोण?

"गोयी दिनी का देनी शे?" भिकुबाईनं शांतपणे विचारलं.

"दिली आहे. मी माझ्या हातानं दिली आहे."

नेमका भोंगा झाला.

"काय म्हनतस? देनी शे?"

"दिली! दिली गं!"

भिकुबाई हसली, बाळाला खांद्यावर घेतलं आणि दार लोटलं.

वकिलांकडं ताईबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वरणात मीठ दोनदा पडलं. वकिलीणबाई म्हणाल्या, "आज उपास तुमचा आहे की आमचा?" ताईबाईंनी एकदा घड्याळाकडं पाहिलं, पळी तशीच खाली ठेवली आणि निघाल्या. देवा महादेवा, म्हातारीचं आयुष्य घे, पण त्या पोराला हात लागू देऊ नकोस. साऱ्या वाटेनं त्यांचं हेच चाललं होतं.

पाळणाघरात यंत्रांची घरघर भिंतीतून येत होती. बाळ झोळीत पडलं होतं. ताईबाईंनी त्याचा हात उचलला. तो सुटला तसा खाली पडला.

"जपेल शे तो, गाढ नीजमा," झोळी हलवत भिकुबाई म्हणाली. तिची उजवी मूठ मिटलेली होती.

"भिके, काय दिलंस त्याला?"

"तुम्हीच म्हनी ग्यात ना, देनी शे?"

"मी दिली म्हणाले! दोनदा म्हणाले!"

"गलका कितला व्हता, अक्का. कानले जे ऐकू उनं ते उनं."

"अगं, डॉक्टरला बोलवायला हवं. पाया पडते तुझ्या. दिलीस की नाही, एवढंच सांग!"

"सांगसू. पहिले तुम्ही सांगा. त्या दिवशी तुम्हले काय ऐकू उनं?"

"देनी. नऊ वर्षं तेच सांगत आले मी."

"मंग माले बी देनीच ऐकू उनं."

झोळीची दोरी करकरत राहिली. ताईबाईंनी बाळाच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता, पण किती वेळ? त्या खाली वाकल्या आणि भिकुबाईच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या.

"काय? यंत्रास्ना गलकामा काही समजत नही."

त्या पुन्हा बोलल्या, जरा मोठ्यानं.

"जोरमा बोला, अक्का. मन्हा बी कान आते तुमनासारखाच व्हयी गयात."

दूध पाजायला सुटलेल्या बाया एव्हाना दाराशी आल्या होत्या. सगळ्यांत पुढं प्रमिला होती. ताईबाईंची त्यांच्याकडं पाठ होती. त्यांनी होता नव्हता तेवढा श्वास छातीत भरला आणि ओरडल्या.

त्याच घटकेला दुपारच्या सुटीसाठी यंत्रं थांबली. भिकुबाईनं मूठ उघडली. गोळी कोरडी, तशीच्या तशी होती. बाळ कुशीवर वळलं. आणि गिरणीभर पसरलेल्या त्या शांततेत प्रत्येक बाईला शब्द न् शब्द ऐकू गेला:

"दिनीच म्हणाली होतीस तू, नीट ऐकू आलं होतं मला! पण मालक पाळणाघर बघायला येणार होते, सगळी निजली होती आणि तुझी एकटीच रडत होती!"