बाबांच्या छातीवरचं घड्याळ

एलोदीने दिलेलं खिशातलं घड्याळ व्यापाऱ्याने चर्चच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. "सात मिनिटं पुढे आहे. अचूक असतं तर तबकडीवर तुमचं नाव घातलं असतं. आता माझ्याच दुकानाचं नाव राहील."

स्वित्झर्लंडच्या त्या डोंगरी गावात रीतच होती: नवं घड्याळ ते बनवणाऱ्याने आठ दिवस छातीशी बाळगायचं, मगच विकायचं. एलोदीच्या बाबांनी वीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाची घड्याळं बनवली होती. घराण्याच्या नावाचं हे पहिलंच होणार होतं. सहाव्या सकाळी बाबा गेले. रीत मोडायची नाही म्हणून आईने दोन दिवस, दफनापर्यंत, घड्याळ त्यांच्या छातीवरून काढलं नाही.

"बाबा होते तोवर ते अचूक होतं, मी रोज पाहत होते," एलोदी म्हणाली. "ते गार पडले, तशी आतली पोलादी स्प्रिंगही गार पडून ताठरली. गारठ्यात घड्याळ पुढे धावतं, साहेब. तुम्हाला हे ठाऊक नसेल असं कसं म्हणू?"

"पोरी, दुःखात माणूस काहीही बोलतो."

"मग आठ दिवसांनी या."

तिने काटे जुळवले आणि घड्याळ झग्याच्या आत, स्वतःच्या छातीशी बांधलं. आईने गाठ घट्ट केली.

नवव्या दिवशी व्यापाऱ्याने चर्चसमोर दोन्ही घड्याळं पुन्हा ताडून पाहिली; काटे तंतोतंत जुळत होते. मग त्याने टोपी काढली. "नाव तुझं घालू?"

"बाबांचं घाला," एलोदी म्हणाली. "माझी घड्याळं अजून व्हायची आहेत."