चाकवत

कॉलेजच्या संग्रहातल्या, वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांच्या कपाटाशी खेळणारी लेक एकाएकी गप्प झाली, तेव्हाच आईच्या काळजात चर्र झालं. वळून बघते तर पोरीच्या ओठांवर चुरा आणि मांडीवरच्या कागदावर अर्धंच उरलेलं पान. आईनं बोट घालून तोंड साफ केलं आणि कागदावरची चिठ्ठी वाचली. चेनोपोडियम आल्बम. म्हणजे आपला चाकवत, माठ-राजगिऱ्याच्या कुळातला. तिचा जीव भांड्यात पडला. तरी संग्रह सांभाळायची नोकरी नवी, म्हणून तिनं तिला शिकवलेल्या आणि याच जागेवरून निवृत्त झालेल्या सरांना फोन लावला.

सर हसले. “अगं, मग भाजीच खाल्ली की पोरीनं. तुझ्यावर गेलीये. आधी चाखायचं, मग नाव विचारायचं.”

तीही डोळे पुसत हसली. “केवढा जुना नमुना आहे, सर. चिठ्ठीवरची शाईसुद्धा उडत आलीये. पानं मात्र अशी, की कुठे किडीचं एक भोक नाही.”

पलीकडचं हसू थांबलं.

“सर?”

“तिला उचल आणि आधी दवाखाना गाठ. कीड लागू नये म्हणून त्या काळी सगळी पानं विषात बुडवून ठेवायचे, बाळा.”